जिन्याचे वाङ्मय

मराठी वाङ्मयातील घरांची मोजदाद करावयास कोणी बसला, तर त्याच्या हाती तीन ठळक नमुने लागतील. पहिला वाडा, दुसरी चाळ आणि तिसरी झोपडी. वाड्याची पडझड महेश एलकुंचवारांनी ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) ह्या नाटकात दाखविली. चाळीस पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) चिरंजीव केले, आणि गिरणी कामगारांच्या चाळीवर १९८२ च्या संपानंतर जी अवकळा आली, ती जयंत पवारांनी ‘अधांतर’मध्ये (१९९७) मांडली. झोपडपट्टीस जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) ह्या कादंबऱ्या लाभल्या. परंतु ज्या घरात गेल्या तीन पिढ्यांतील पांढरपेशा मराठी माणसांपैकी कितीतरी जण जन्मले, शिकले, नोकरीस लागले आणि बदलीच्या हुकमाबरोबर बाहेर पडले, ते घर ह्या तिन्हींत बसत नाही. दोन-तीन मजल्यांची, सहा-आठ बिऱ्हाडांची, मधोमध एकच जिना असलेली लहानशी जुनी इमारत, हे ते घर. तिचे वाङ्मय कोठे आहे, हा प्रश्न आम्ही येथे उपस्थित करीत आहोत.

प्रश्न केवळ यादी पुरी करण्याचा नाही. वाङ्मय ज्या घराकडे पाहावयास शिकविते, त्या घराविषयीच आपणांस नेमके बोलता येते. बाकीच्या घरांविषयी आपण उसन्या शब्दांत बोलतो. आज ह्या लहान इमारती एकामागून एक पाडल्या जात असताना त्यांच्याविषयीचा आमचा शोक चाळीच्या भाषेत व्यक्त होतो. ती भाषा त्यांची नव्हे, आणि म्हणून तो शोकही पुरता खरा नव्हे, असे आम्हांस वाटते.

प्रथम ही इमारत कोणती ते स्पष्ट केले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेगाची साथ आली. दाट वस्तीत रोगाचे मूळ आहे असे सरकारने मानले आणि १८९८ साली शहरसुधारणेसाठी विश्वस्त मंडळ स्थापन झाले. लोक त्यास इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणत. ह्या ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या बाजूस आखीव रस्ते काढले, मोकळ्या जागा राखल्या आणि भूखंड पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावे त्या आखणीतून आली. पलीकडे शिवाजी पार्कचे मैदान १९२५ साली खुले झाले, आणि त्याच्या भोवतीही वस्ती वाढू लागली. तिशी-चाळिशीच्या दशकांत ह्या भागात ज्या इमारती उठल्या त्यांचा ठसा ठरून गेलेला आहे. तळमजला आणि वर दोन-तीन मजले, मजल्यावर समोरासमोर दोन दारे, गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, जिन्यात मोझेकची फरशी, दर्शनी भागावर सिमेंटात उठविलेले नाव, आणि जिन्याच्या तोंडाशी भाडेकरूंच्या नावांची लाकडी पाटी.

चाळीहून ही इमारत वेगळी ठरते ती दोन गोष्टींनी. चाळीत सर्व खोल्यांपुढून एक सलग गॅलरी जाते, आणि नळ-संडास मजल्यावर सामाईक असतात. येथे गॅलरी नाही आणि संडास घराच्या आत आहे. निखिल राव ह्यांनी मुंबईच्या ह्या उपनगरांवर ‘हाउस, बट नो गार्डन’ हा इंग्रजी ग्रंथ २०१३ साली लिहिला. माटुंग्यास स्थायिक झालेल्या दाक्षिणात्य नोकरदारांचा विचार करताना त्यांनी दाखविले आहे की, संडास घरात येणे ही त्या काळी नुसती सोय नव्हती. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेस तो मोठा धक्का होता, आणि तो पचवूनच नवे नागर जीवन उभे राहिले. मुंबईकराने ह्या नव्या घरास ‘ब्लॉक’ असे नाव दिले. अमुक मनुष्य चाळ सोडून ब्लॉकमध्ये राहावयास गेला, एवढे म्हटले की त्याची बढती, त्याची मिळकत आणि त्याच्याविषयीचा थोडासा मत्सर, हे सारे त्या वाक्यात येत असे.

आता ‘बटाट्याची चाळ’कडे वळू. ह्या पुस्तकाचे मोठेपण वादातीत आहे. त्रिलोकेकर, कोचरेकर मास्तर, अण्णा पावशे, आचार्य बाबा बर्वे ही माणसे एकेकटी घेतली तर सामान्य आहेत. त्यांना असामान्य करते ती त्यांची एकत्र गाठ पडणे. कोणी उपास आरंभिला तरी ती सार्वजनिक घटना होते, कोणी प्रवासास निघाले तरी भ्रमणमंडळ स्थापन होते, आणि गच्चीचा प्रश्न निघाला तर ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ अशी चळवळच उभी राहते. खाजगी गोष्ट सार्वजनिक होताना जी विसंगती प्रकट होते, तिच्यावर ह्या पुस्तकातील विनोद उभा आहे. आणि ही विसंगती लेखकाने मुद्दाम निर्माण केलेली नाही, ती गॅलरीने दिली आहे. गॅलरी ही बांधलेली रंगभूमीच आहे. पात्रे आपल्या पायांनी तिच्यावर येतात. लेखकास पाहण्याची दृष्टी हवी, ती पु. लं.ना अपूर्व होती. शेवटच्या ‘एक चिंतन’ ह्या प्रकरणात हास्य ओसरते आणि बदलत चाललेल्या चाळीविषयीची हुरहुर उरते. ते प्रकरण लिहिणाऱ्या लेखकास आपण कशावर हसत होतो आणि काय गमावीत आहोत, ह्याची पुरती जाण होती.

दोष पुस्तकाचा नाही, त्याच्या यशाचा आहे. ‘बटाट्याची चाळ’ हा मराठी वाचकाच्या मनातील शेजाराचा साचा होऊन बसला. शेजार म्हणजे उघडे दार, वाटीभर साखर, एकाच्या घरचे कार्य ते सर्वांचे कार्य. आणि दार बंद झाले की माणुसकी संपली. पुढील कथा-नाटकांत, चित्रपटांत आणि दिवाळी अंकांतील आठवणींत हा साचा इतक्या वेळा उमटला की त्यातील ‘एक चिंतन’ निघून गेले आणि वाटीभर साखर तेवढी राहिली. सामाईक नळावर पहाटे रांग लावणारी बाई, मजल्याच्या टोकास असलेल्या संडासाकडे रात्री जावयास धजत नसलेली मुलगी, भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून भांडणही दबल्या आवाजात करणारे जोडपे, ह्यांना त्या आठवणींत फारसे स्थान मिळत नाही. त्यांना दार लावून घ्यावयाची मुभा हवी होती. ब्लॉकने ती दिली. चाळ सोडणाऱ्यांपैकी किती स्त्रियांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, ह्याचा हिशेब गॅलरीच्या वाङ्मयाने ठेवलेला नाही.

गॅलरीच्या वाङ्मयास आणखी एक गोष्ट दिसत नाही. ती म्हणजे गॅलरीवर जे कधी आलेच नाहीत ती माणसे. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ह्या कथेतील तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी येतो, राहावयास खोली मिळावी म्हणून जात लपवितो, आणि ती उघड होताच मार खातो. मराठीतील भाड्याच्या जागेविषयीची इतकी मूलगामी कथा दुसरी नसेल. शेजार कसा असावा ह्यापूर्वी शेजारी कोणास होऊ द्यावयाचे, हा प्रश्न येतो, असे ती कथा सांगते. लहान इमारतींचा इतिहास हाच प्रश्न वेगळ्या रीतीने मांडतो. गावदेवीस १९१५ साली निघालेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावातच ‘सारस्वत’ हा शब्द होता. कॉलन्यांची नावे धर्मावरून पडली. जिन्याच्या तोंडाशी असलेली ती लाकडी पाटी वाचली की मालकाने भाडेकरू कसे निवडले, हे आडनावांवरून कळत असे. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांना ह्या पाटीचा अर्थ विशेष समजावा. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याची जागा शोधताना आडनाव कोणते, मांस-मच्छी खाता का, बिऱ्हाडात माणसे किती, ह्या प्रश्नांस आम्हांपैकी पुष्कळांनी उत्तरे दिली आहेत. मुंबईस आमच्या वाडवडिलांच्या इमारतीत हेच प्रश्न दुसऱ्यांना विचारले जात होते. ह्या दोन गोष्टी एकत्र पाहणारी कथा लिहिली जावयास हवी होती.

ब्लॉकविषयी मराठीत काहीच लिहिले गेले नाही, असे आमचे म्हणणे नाही. लिहिले गेले ते दोन प्रकारचे. पहिल्या प्रकाराचे प्रतिनिधी व. पु. काळे. ते मुंबई महानगरपालिकेत वास्तुविशारद होते. भिंत कोठे घातली की घरात कोणाची कुचंबणा होते, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेला दुसरा लोकप्रिय कथाकार दाखविणे कठीण. ‘पार्टनर’मध्ये (१९७६) आई, भाऊ आणि नवे जोडपे ह्यांच्यातील ओढाताण वाचताना जागेची टंचाई नात्यांत कशी शिरते ते जाणवते. परंतु व. पुं.ची कथा दार उघडून आत जाते, प्रसंग रंगात येतो, आणि एवढ्यात एक सुभाषित हाती देऊन लेखक बाहेर पडतो. वाचक ते सुभाषित वहीत उतरवून घेतो आणि घर विसरतो. ज्या लेखकाजवळ इमारतीचे ज्ञान सर्वांत अधिक होते, त्याच्याच लेखनात इमारत पार्श्वभूमी होऊन राहिली, ही आम्हांस मराठी कथेची हानी वाटते.

दुसऱ्या प्रकारात बंद दाराचे घर म्हणजे एकाकीपणाचे घर. ‘संध्याछाया’ हे दळवींचे नाटक त्याचा उत्तम नमुना. वृद्ध दांपत्य घरात एकटे, एक मुलगा परदेशी, दुसरा हवाई दलाच्या सेवेत. कोणीतरी यावे आणि दोन शब्द बोलावे म्हणून ती दोघे आसुसलेली. नाटक प्रभावी आहे आणि प्रेक्षक रडतो, ह्यात शंका नाही. पण त्यातील दु:खाची रचना पाहावी. शेजार हा ह्या जोडप्याचा आधार होत नाही, आणि जे दूर गेले त्यांची बाजू रंगमंचावर येत नाही. हे मासिक वाचणाऱ्या आमच्यासारख्यांनी ह्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ह्या नाटकात आपण आहोत ते रंगमंचाबाहेर. पत्राची किंवा फोनची वाट पाहावयास लावणारा तो आपण. ‘वाडा चिरेबंदी’मध्ये हेच उलट दिशेने घडते. मुंबईस बिऱ्हाड केलेला सुधीर वाड्यात येतो, वाड्याच्या निकषावर त्याची पारख होते, आणि त्याचे मुंबईचे लहान घर मात्र पडद्याआड राहते.

हिंदीत असे नेहमी घडलेले नाही. उषा प्रियंवदा ह्यांची ‘वापसी’ ही कथा आमच्या वाचकांपैकी अनेकांनी वाचली असेल. गजाधरबाबू रेल्वेत पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त होतात, मोठ्या आशेने कुटुंबात परत येतात, आणि घरात आपली खाट ठेवावयासही रीतसर जागा उरलेली नाही असे त्यांच्या ध्यानी येते. ते पुन्हा नोकरी पत्करून निघून जातात. येथे बायको दुष्ट नाही, मुले कृतघ्न नाहीत. इतक्या वर्षांत घराने त्यांच्यावाचून आपली घडी बसविली, इतकेच. लेखिकेने दूर राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांनी घर पाहिले आणि त्याच वेळी घराच्या बाजूनेही त्या माणसाकडे पाहिले. घरातील खाट कोठे आहे ह्या एका तपशिलावर तिने सर्व कथा तोलली. मराठीतील लहान इमारतीस हवा आहे तो असा तोल.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. बंद दाराआड कथा कोठून येणार, असे कोणी म्हणेल. चाळीत प्रसंग घडतात, ब्लॉकमध्ये माणसे नुसती राहतात. तेथे लेखकास मनोविश्लेषणाखेरीज गती नाही. आम्हांस हे मान्य नाही. गॅलरी नसली तरी जिना आहे. गॅलरीवर सहवास असतो, जिन्यावर शेजार असतो, आणि ह्या दोन वस्तू भिन्न आहेत. सहवास जागेच्या टंचाईने लादलेला असतो. शेजार दोन दारे बंद करण्याचा हक्क मान्य करून मग जोडावा लागतो. जिन्यात भेटलेल्या माणसाशी किती बोलावयाचे, काय विचारावयाचे नाही, समोरच्या घरातून रडणे ऐकू आले तर कडी वाजवावयाची की नाही, किल्ली कोणाकडे ठेवावयाची, हे सारे निर्णय आहेत. चाळीत ते घ्यावे लागत नाहीत, कारण ते अगोदरच सर्वांनी मिळून घेतलेले असतात. जेथे निर्णय आहे तेथे चारित्र्य आहे, आणि जेथे चारित्र्य आहे तेथे कथा आहे.

शिवाय ह्या इमारतीच्या पोटात एक मोठे नाटक दडलेले आहे, ते भाड्याचे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १९४० च्या सप्टेंबरातील भाडे प्रमाण मानले आणि भाडी गोठली. महागाई वाढत गेली, भाडे तेथेच राहिले. भाडेकरू निश्चिंत झाला, मालकाचे चित्त उडाले. दुरुस्ती करावयाची कोणी, ह्यावर जिन्यात दोन पिढ्या वाद चालला. हस्तांतराच्या वेळी पागडी दिली-घेतली जाऊ लागली, जी बहुधा कोणत्याच पावतीवर दिसत नसे. घर भाडेकरूचे की मालकाचे, हे कायद्याने एक सांगावे आणि मनाने दुसरे. आजोबांच्या नावाची भाडेपावती जपून ठेवणारा नातू आणि आपल्या वडिलांनी बांधलेल्या इमारतीचे मिळकतकरही भाड्यातून सुटत नाहीत म्हणून कुढणारा मालकाचा मुलगा, हे दोघे एकाच जिन्याने रोज उतरतात, आणि दोघांचीही बाजू खरी आहे. दोन खऱ्या बाजूंची गाठ पडणे ह्याहून नाटककारास अधिक काय हवे? १९९९ चा नवा कायदा आला तरी ती गाठ सुटली नाही. सरकारी कारकुनाचा जन्म कागदांत जातो. कागदाच्या एका चिटोऱ्यावर माणसाचे आयुष्य कसे लोंबकळते हे आम्ही रोज पाहतो, आणि म्हणूनच भाडेपावतीसारखी वस्तू मराठी कथेने वाया घालविली ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

आता वेळ फारसा उरलेला नाही. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या परिसरातील आर्ट डेको इमारतींस, शेजारच्या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह, २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. दादर-माटुंग्याच्या इमारती त्याच कुळातील, पण साध्या घरच्या. त्यांच्या वाट्यास तो मान आला नाही. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३ (७) ह्या कलमाखाली जुन्या उपकरप्राप्त इमारती पाडून तेथे मनोरे उभे राहत आहेत. भाडेकरूस मालकीचे, मोठे, लिफ्टचे घर मिळते. हे वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. गळक्या छताखाली आणि टेकू लावलेल्या सज्जाखाली राहण्यात काव्य नाही, आणि दूर राहून दुसऱ्याच्या गळक्या छताविषयी हळहळणे तर अशोभनीयच होय. दिल्लीतील आमच्या बांधवांस ही प्रक्रिया नवी नाही. २०१६ साली मंत्रिमंडळाने सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर इत्यादी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. त्यांतील नौरोजी नगरात तर घरांच्या जागी व्यापारी संकुल आले. त्या वसाहतींतही दुमजली क्वार्टरे होती, जिने होते आणि समोरासमोर दारे होती. बदलीवर आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी शेजाराचे पहिले धडे तेथे गिरविले. समोरच्या दारात तमिळ किंवा बंगाली बिऱ्हाड होते. भाषा एक नव्हती, सण एक नव्हते, आणि तरीही एकमेकांच्या किल्ल्या सांभाळल्या गेल्या. पाटीवरील आडनावे मालकाने निवडलेली नव्हती, ती वाटपाच्या यादीने आणली होती. मुंबईच्या इमारतीस जे साधले नाही ते सरकारी यादीने नकळत साधले, ही गोष्ट कथाकाराने दुर्लक्षावी अशी नाही.

इमारती पडणार आहेत. आमची तक्रार त्याविषयी नसून त्या कोणत्या शब्दांत पडणार आहेत, ह्याविषयी आहे. आजच्या आठवणलेखांत प्रत्येक पडलेली इमारत जणू चाळच होती असे लिहिले जाते. सर्वांची दारे उघडी, सर्व एका कुटुंबासारखे, आणि आता मनोऱ्यात कोणी कोणास ओळखत नाही. हे खोटे आहे. त्या इमारतीत दारे बंद होती. बंद दारांतूनही जे टिकले तेवढेच तिचे खरे कर्तृत्व, आणि बंद दारांमुळे ज्यांना आत येता आले नाही ते तिचे खरे पातक. कर्तृत्व आणि पातक दोन्ही न सांगता नुसती हुरहुर सांगितली, तर नव्या मनोऱ्यात राहावयास जाणाऱ्यांस त्यातून काहीच शिकता येणार नाही. तेथेही दारे बंदच असणार आहेत, आणि पाटीवर कोणाची नावे येऊ द्यावयाची हा प्रश्नही तेथे पुन्हा उभा राहणार आहे. चाळीची आठवण त्यांच्या उपयोगी पडणार नाही. जिन्याची पडेल.

म्हणून जे लिहितात त्यांच्याकडे, आणि विशेषत: घरापासून दूर नोकरी करीत लिहिणाऱ्यांकडे, आमची मागणी आहे. दूर असणाऱ्यास घर धूसर दिसते असे मानले जाते. पण आपण एकदा मुंबईच्या जिन्यावर आणि एकदा परप्रांतातील क्वार्टरच्या जिन्यावर राहिलो आहोत, दार लावणारेही झालो आहोत आणि ज्यांच्यासाठी दार लागले तेही. ही दुहेरी ओळख घरी राहिलेल्या लेखकाजवळ सहसा नसते. तिचा उपयोग करून कोणी लिहील तेव्हा त्याने त्रिलोकेकर-पावश्यांच्या गॅलरीवर पुन्हा जाऊ नये. ते काम एकाने उत्तम रीतीने केलेले आहे. त्याने दुसऱ्या मजल्यावरील समोरासमोरच्या दोन दारांपासून आरंभ करावा, दोन्ही घरांचे हिशेब मांडावे, आणि पाटीवर कोणाचे नाव लागू दिले गेले नाही तेही लिहावे.